मूठभर कोंडा आणि एक चूक

धाकटीच्या हट्टापायी कर्जतच्या आमच्या बिऱ्हाडी गिनीपिगांची जोडी आली. मी मराठी शिकवणारा, भाताच्या मुलुखात राहणारा! सशांचे खाद्य आणि मूठभर तांदळाचा कोंडा एवढ्यावर त्यांचे भागेल, असे मी खुशाल ठरवले. महिन्याभरात एकाचे सांधे सुजले, खाणे सुटले. खालापूरला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. पण उशीर झाला होता.

डॉक्टर म्हणाले, "मास्तर, ससा क जीवनसत्त्व अंगातच तयार करतो. गिनीपिगाला, आपल्यासारखेच, ते अन्नातून मिळावे लागते." पुढे वाचनात आले की, १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिक यांनी नुसत्या धान्यावर ठेवलेल्या गिनीपिगांना स्कर्व्ही जडल्याचे दाखवले होते. खलाशांचा तोच जुना रोग माझ्या घरी आला होता.

आता उरलेल्या एकापुढे वाळके गवत अहोरात्र असते. जन्मभर वाढणारे दात त्यानेच झिजतात. शिवाय रोज ढोबळ्या मिरचीची ताजी फोड नि थोडी कोथिंबीर. दिवसाला १० ते ३० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व त्याला पुरते.

धाकटीने मला बोल लावला नाही. परंतु भाजी चिरायला घेतली, की पहिली फोड ती माझ्याच हाती ठेवते.