काड्यापेटीवरील चित्र : व्यापारी मुद्रणाचे काही धडे

दुकानाच्या फळीवर मांडलेली काड्यापेटी म्हणजे सर्वांत लहान आकाराच्या जाहिरातींपैकी एक होय. सुमारे दोन इंच लांब आणि दीड इंच रुंद अशा कागदावर एखादे जहाज, घोडा, किल्ली किंवा कमळ छापलेले असते. गिऱ्हाईक त्याकडे क्षणभर पाहते, पैसे देते आणि निघून जाते. तरीही पुढच्या खेपेस तेच गिऱ्हाईक नेमके त्याच चित्राचे नाव घेऊन पेटी मागते. एवढ्याशा जागेत हे कसे साधते, याचा विचार केला म्हणजे व्यवसायासाठी पत्रक, वेष्टन किंवा दरपत्रक कसे असावे, या प्रश्नाचे निम्मे उत्तर हाती येते.

छाप म्हणजे ओळख

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मँचेस्टरहून हिंदुस्थानात येणाऱ्या कापडाच्या ताग्यांवर रंगीत चित्रांची लेबले चिकटवलेली असत. देवदेवता, हत्ती, वाघ, राजेरजवाडे असे त्यांचे विषय. कापड घेणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोकांना इंग्रजी वाचता येत नसे आणि प्रांतोप्रांतीची भाषा व लिपी वेगळी होती. हत्तीचे चित्र मात्र सर्वत्र हत्तीचेच राही. मागच्या वेळी मिळालेला पोत आणि धुतल्यावर टिकलेला रंग पुन्हा मिळेल, अशी खात्री त्या चित्रातून ग्राहकाला मिळत असे. 'अमुक छाप' हा आपल्या भाषांतील शब्दप्रयोग आजही हीच गोष्ट सांगतो.

अशी चित्रे स्वस्तात छापणे शक्य झाले ते शिलामुद्रणामुळे. बव्हेरियातील आलोइस झेनेफेल्डर याने १७९६ च्या सुमारास ही पद्धत शोधून काढली. रंगीत चित्रासाठी प्रत्येक रंगाचा निराळा दगड तयार करावा लागे. १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांनी मुंबईत शिलाछापखाना काढला, तेव्हा ही रंगीत चित्रे घराघरांतील भिंतींवर पोहोचली.

तमिळनाडूतील शिवकाशीची कथा आणखी बोलकी आहे. अय्या नाडर आणि षण्मुग नाडर हे दोघे १९२२ मध्ये कलकत्त्यास जाऊन काड्यापेट्या बनविण्याची विद्या शिकून आले. पेट्या झाल्या तशी लेबलांची गरज भासू लागली आणि त्या गरजेतून गावात छापखाने उभे राहिले. तेथील कोरडी हवा काड्यांना मानवली तशीच कागदालाही. पुढे शिवकाशी हे दिनदर्शिका आणि रोजनिशा छापण्याचे देशातील एक प्रमुख केंद्र बनले.

स्मरणात काय उरते

छापील वस्तूतील कोणता भाग लोकांच्या ध्यानात राहतो, याचे उत्तर एका न्यायालयीन निर्णयात फार स्पष्टपणे सापडते. पार्ले कंपनीच्या ग्लुको बिस्किटांच्या वेष्टनावर शेताच्या आवारात उभी असलेली एक मुलगी, भोवती गाई आणि कोंबड्या असे चित्र होते. म्हैसूरच्या एका कंपनीने आपल्या बिस्किटांसाठी बहुतेक त्याच आकाराचे व रंगांचे वेष्टन काढले. त्यावरील मुलीच्या डोक्यावर गवताचा भारा होता आणि हातात विळा होता. गाई व कोंबड्या येथेही होत्या. दोन्ही वेष्टने शेजारी ठेवून पाहणाऱ्यास अनेक फरक दाखविता आले असते. खालच्या न्यायालयांनी दावा फेटाळलाही. परंतु १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय फिरविला. ग्राहक दोन वेष्टने समोरासमोर धरून खरेदी करीत नाही. त्याच्या मनात ठळक रूपरेषा तेवढी उरते, आणि तीच सारखी असेल तर फसगत होते, असा या निर्णयाचा आशय आहे.

छापील साहित्य तयार करणाऱ्याने यातून दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, दुसऱ्याच्या रूपरेषेच्या जवळ जाऊ नये. दुसरी, आपली रूपरेषा एकच आणि ठसठशीत ठेवावी. ज्या पत्रकावर पाच चित्रे आणि सात प्रकारचे टंक असतात, त्यातले काहीच आठवत नाही.

पत्रकाची रचना

रस्त्यात हाती आलेले पत्रक माणूस चालता चालता पाहतो. म्हणून काय मिळणार, कोठे, केव्हा आणि किती किमतीला, या चार प्रश्नांची उत्तरे पहिल्या दृष्टिक्षेपात सापडली पाहिजेत. दुकानाचा इतिहास आणि मालकाचे छायाचित्र यांना त्यानंतरची जागा. पुष्कळ व्यापारी कोरी जागा म्हणजे वाया गेलेला पैसा असे समजतात. वस्तुतः डोळा त्या कोऱ्या जागेच्या आधारानेच मुख्य ओळीपर्यंत पोहोचतो.

देवनागरीची काही पथ्ये वेगळी आहेत. अक्षराच्या वर मात्रा व रफार, खाली उकार व ऋकार येत असल्यामुळे रोमन मजकुरापेक्षा ओळींमध्ये अधिक अंतर सोडावे लागते. गडद पार्श्वभूमीवर पांढरी बारीक अक्षरे ठेवल्यास शाई पसरून अनुस्वार नाहीसे होतात. रंगीत छपाई निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा या चार शायांच्या मिश्रणातून होते. त्यांचे ठसे केसभर जरी सरकले तरी मिश्र रंगातील लहान अक्षर अस्पष्ट दिसते. म्हणून बारीक मजकूर एकट्या काळ्या शाईत छापणे श्रेयस्कर.

कागदाचे मापही आधीच ठरवावे. ए-४ हा कागद २१० मिलिमीटर रुंद व २९७ मिलिमीटर लांब असतो. तो मधोमध कापला असता त्याच प्रमाणातली दोन ए-५ पत्रके मिळतात आणि काहीही वाया जात नाही. त्याच्या तीन घड्या करावयाच्या असतील तर आत जाणारे पान एखाद-दुसऱ्या मिलिमीटरने अरुंद ठेवावे, अन्यथा घडी फुगते.

आपल्या देशात एकच पत्रक अनेक भाषांत काढण्याचा प्रसंग नेहमी येतो. अशा वेळी एका भाषेतील घोषवाक्याचे शब्दशः भाषांतर बहुधा निर्जीव ठरते. तो आशय त्या भाषेत नव्याने लिहून घ्यावा, आणि मजकूर लांबला तरी मावेल एवढी जागा मांडणीत आधीच ठेवावी.

शेवटची तपासणी

मुद्रिते तपासताना मोठ्या अक्षरांतील चुकाच अधिक निसटतात, कारण त्या ओळी वाचण्याची गरज कोणास वाटत नाही. दूरध्वनी क्रमांक तर प्रत्यक्ष फिरवून पाहावा. एका अंकाची चूक दहा हजार प्रतींवर उमटली की तेवढा खर्च बुडाला असे समजावे. आणि लहान दुकानदाराला असा खर्च वर्षातून दोनदा पेलत नाही. छपाईपूर्वी एक प्रत व्यवसायाशी संबंध नसलेल्या माणसाच्या हाती द्यावी, काही क्षणांनी परत घ्यावी आणि काय आठवते ते विचारावे.

अखेरीस एक गोष्ट सांगितली पाहिजे. सुरेख छापलेले पत्रक ग्राहकाला दुकानापर्यंत एकदा आणते; दुसऱ्यांदा त्याला माल आणतो. पत्रकात जे लिहिले ते दुकानात मिळाले नाही, तर ती ठळक रूपरेषा ग्राहकाच्या ध्यानात राहतेच, परंतु ते दुकान टाळण्याची खूण म्हणून. काड्यापेटीवरील घोड्याला किंमत आली ती आतील काडी पेटली म्हणून.