खुब्याच्या ऑपरेशनातली किसणी आणि कानस

आमच्या गटातल्या एका ताईंच्या सासूबाईंचा खुबा पार झिजलाय. रात्री कूस बदलता येत नाही, परसाकडे जायचं तरी कुणाचा तरी हात धरावा लागतो. डॉक्टरांनी सांधा बदलायला सांगितला. पण शेजारची कुणी म्हणाली, "अगं, सुताराची हत्यारं चालवतात!" झालं, सासूबाईंनी साफ नकार दिला. मग आम्ही चौघी त्यांना घेऊन दवाखान्यात गेलो आणि म्हटलं, हत्यारंच दाखवा.

शेजारीण खोटं बोलली नव्हती. करवत, कानस, हातोडी, सगळं असतं. फक्त ती कशासाठी, हे तिला ठाऊक नव्हतं.

खुबा म्हणजे वाटीत फिरणारा गोळा. गोळा मांडीच्या हाडाचा, वाटी कमरेच्या हाडातली. मधली गुळगुळीत कूर्चा झिजली की हाडावर हाड घासतं. भूल दिल्यावर आधी छोट्या मशीनच्या करवतीनं खराब गोळा कापून काढतात.

मग येते किसणी. तिला रीमर म्हणतात. लहानशा करवंटीसारखी, आतून पोकळ, वर धारदार भोकं. खोबरं किसावं तसं ती वाटीतलं हाड किसते आणि कीस आत जमतो. लहान मापापासून सुरुवात करून एकेक, दोन-दोन मिलिमीटरनं माप वाढवतात. उरलेली कूर्चा जाऊन रक्त झिरपणारं जिवंत हाड दिसलं की थांबायचं. जास्त किसलं तर वाटीचा तळ पातळ होतो. सिमेंटशिवाय बसवायची वाटी असेल तर खड्डा मुद्दाम किंचित लहान ठेवतात आणि नवी वाटी ठोकून घट्ट बसवतात. हातोडी लागते ती इथे. त्या वाटीच्या खरखरीत पाठीत पुढे हाड वाढून रुजतं.

मांडीच्या हाडाच्या पोकळीत दातेरी कानस घालतात, तीही लहानाकडून मोठीकडे. जोर जास्त झाला तर हाड तडकू शकतं. म्हणून ठिसूळ हाडात पुष्कळदा सिमेंट वापरतात. हे घराचं सिमेंट नव्हे हं! दातांच्या कवळीत वापरतात त्या जातीचं ॲक्रिलिक असतं. इंग्लंडमधल्या डॉ. जॉन चार्नली यांनी 1960 च्या दशकात ते या ऑपरेशनात रुळवलं. शेवटची कानस आतच ठेवून वर तात्पुरता गोळा लावतात, पाय हलवून बघतात, दोन्ही पायांची लांबी जुळते का ते पाहतात. मगच खरा सांधा.

आणखी एक. सांध्याच्या खोक्यावरचं कंपनी आणि नंबराचं स्टिकर आपल्या कागदांवर लावून घ्या. 2010 मध्ये एका कंपनीला आपले खुब्याचे सांधे जगभरातून परत मागवावे लागले होते. तेव्हा आपल्या अंगात कोणता सांधा आहे, हे कळायला नंबरच उपयोगी पडतो. सरकारी योजनेत खर्च बसतो का, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा.

सासूबाईंनी ती किसणी हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली आणि विचारलं, "एकीची झाल्यावर दुसरीला वापरायच्या आधी धुता ना नीट?" डॉक्टर हसले नाहीत. दाबाच्या वाफेत जंतू कसे मारतात, ते त्यांनी नीट समजावलं. घरी येताना त्या जीपमध्ये गप्पच होत्या. उतरताना सुनेला म्हणाल्या, "सोयाबीन निघालं की तारीख घे."