एकत्र जिंका, एकत्र हरा

डॉक्टरने खेळावर लिहायला घेतले की वाचकांना वाटते, आता हा आपल्याला पळायला सांगणार. चालणे, पळणे चांगलेच; पण आजचा विषय घरात बसून खेळायच्या खेळाचा आहे. मे महिन्यात मलकापूर, शेगाव, खामगाव भागात भर दुपारी मुलांना बाहेर सोडायची सोय नसते. आजी-आजोबांचे गुडघे धरलेले असतात. सारी माणसे एका छपराखाली असतात, पण प्रत्येकाचे डोके आपापल्या मोबाईलमध्ये असते.

हा आरोग्याचा विषय कसा, असे कोणी विचारील. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा जाणवतो, आणि त्याचा संबंध हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह व नैराश्य यांच्याशी आहे. एकटेपणा भरल्या घरातही असतो, हे आम्ही डॉक्टर रोज पाहतो.

मग पत्ते, ल्युडो, कॅरम काय वाईट?

मुळीच वाईट नाहीत. पण घरातली मंडळी समबल नसतात. सात वर्षांची नात, दहावीतला नातू, शेतातून दमून आलेला बाप आणि हात थरथरणारे आजोबा एका डावाला बसले, तर रोज तोच जिंकतो आणि रोज तोच हरतो. हरणारे मूल सोंगट्या उधळते. हरणारा म्हातारा मात्र ‘तुमचं चालू द्या’ म्हणून उठून जातो. हे दुसरे अधिक वाईट, कारण त्याचा आवाज होत नाही.

अशा घरांसाठी सहकारी खेळ उपयोगी पडतो. सहकार हा शब्द आपल्याला सोसायटीमुळे ठाऊक आहे. खेळातही अर्थ तोच. खेळणारे सारे एका बाजूला आणि खेळातले संकट दुसऱ्या बाजूला. जिंकले तर सारे जिंकतात, हरले तर सारे हरतात.

१९८६ साली जर्मनीत हाबा या कंपनीने लहान मुलांसाठी ‘फळबाग’ अशा अर्थाच्या नावाचा खेळ काढला. डोमकावळा येण्याआधी सर्वांनी मिळून फळे उतरवायची. मोठ्यांसाठी अमेरिकेतील मॅट लीकॉक यांचा ‘पँडेमिक’ हा खेळ २००८ साली आला. पटावर जगातील ४८ शहरे, त्यांत आपली मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईही आहेत. दोन ते चार जणांनी मिळून चार रोगांवर औषध शोधायचे. एखाद्या शहरात रोगाच्या तीन सोंगट्या असताना चौथी ठेवायची वेळ आली की साथ शेजारच्या शहरांत पसरते. साथ कशी फैलावते, हे मुलांना भाषणापेक्षा या खेळातून लवकर कळते.

घरच्या घरी करून पाहा

विकतचाच खेळ हवा असे नाही. फळबागेच्याच धर्तीवर आपले शेत मांडा. ज्वारी, तूर, हरभरा आणि सोयाबीन यांच्या दहा-दहा दाण्यांच्या चार राशी करा. कागदावर नऊ घरांची वाट आखा, ती रानडुकराची. एक फासा घ्या. १ ते ४ पडल्यास त्या क्रमांकाच्या राशीतला एक दाणा कोठारात टाकायचा. ५ पडल्यास कुठलेही दोन दाणे उचलायचे. ६ पडल्यास डुक्कर एक घर पुढे सरकते. डुक्कर नववे घर गाठण्याआधी सारे चाळीस दाणे कोठारात गेले तर घर जिंकले. पाच पडले की दाणे मोठ्या राशीतून उचलावेत. असे केल्यास तीन डावांत साधारण दोन डाव घर जिंकते.

माझ्या एका रुग्णाने पक्षाघातानंतर रमी सोडली होती, कारण पत्ते धरता येत नव्हते. घरच्यांनी असा खेळ सुरू केला आणि कुठली रास उचलायची, हे ठरवण्याचे काम त्यांच्याकडे दिले. त्यामुळे हात सुधारला असे मी म्हणणार नाही. पण ते संध्याकाळी ओसरीवर येऊन बसू लागले, चार शब्द बोलू लागले.

निवडताना काय पाहावे?

१. घरातल्या सर्वांत दुबळ्या माणसाला जमेल असाच खेळ घ्यावा. त्याला स्वतःचे काम मिळते का, हे आधी पाहावे.

२. एकच हुशार माणूस सर्वांच्या चाली सांगू लागला तर खेळ बिघडतो. ज्याची पाळी त्याचाच निर्णय, हा नियम घरात करावा.

३. डाव पाऊण तासाच्या आत संपावा. मधुमेहाच्या रुग्णांनी खेळापायी जेवण आणि गोळी लांबवू नये.

४. अक्षरे मोठी असावीत. काही पुरुषांना लाल-हिरवा फरक कळत नाही. तेव्हा रंगाबरोबर आकडा किंवा चित्रही असावे.

५. गुडघेदुखी असणाऱ्यांनी मांडी घालून न बसता खुर्ची-टेबलावर खेळावे.

एक इशारा. लहान मुले दाणे नाकाकानांत घालतात. पाच वर्षांखालील मूल घरात असेल तर दाण्यांऐवजी नाकातोंडात न जाणारी मोठी झाकणे वापरा. दाणा अडकलाच तर पिन घालू नका, पाणी सोडू नका, दाणा फुगतो. सरळ डॉक्टरकडे आणा.

खेळाने स्मरणशक्ती टिकते का, असे पुष्कळजण विचारतात. न्यूयॉर्कमध्ये ७५ वर्षांवरील लोकांची पाहणी करून २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वाचन, वाद्यवादन, नृत्य आणि पटावरचे खेळ यांत रमणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंश कमी आढळला. तो खेळामुळेच कमी झाला, असे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. म्हणून खेळाला औषध समजू नये आणि चालू औषधेही बंद करू नयेत.

महाभारतातल्या फाशांनी भाऊबंदकी पेटवली. फासा तोच असतो. तो कोणाविरुद्ध टाकायचा, हे आपण ठरवायचे. आठवड्यातून दोन संध्याकाळी मोबाईल बाजूला ठेवा आणि घरातल्या सर्वांत गप्प माणसाला पहिला फासा द्या.