उच्च ऑक्टेन पेट्रोल : अधिक मूल्य आणि त्याचा मोबदला

ज्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक अधिक, ते पेट्रोल अधिक शक्तिमान, असा समज वाहनधारकांत सर्वत्र रूढ आहे. विक्रेत्यांनी योजिलेली ‘प्रीमियम’ ही संज्ञा आणि पंपावरील वाढीव दर यांमुळे तो अधिकच दृढ होतो. हा प्रश्न केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नव्हे. या समजाची किंमत वाहनधारकास टाकी भरताना प्रत्येक वेळी रोख मोजावी लागते. यास्तव ऑक्टेन अंक नेमके काय दर्शवितो आणि त्याच्या वाढीचा लाभ कोणत्या इंजिनास होतो, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

पेट्रोल इंजिनात हवा व इंधन यांचे मिश्रण दट्ट्याने दाबले जाते आणि दट्ट्या वरच्या टोकास पोहोचण्याच्या किंचित अगोदर स्पार्क प्लगच्या ठिणगीने ते पेटविले जाते. ज्योत ठिणगीपासून क्रमाक्रमाने पसरत जाते. जळलेल्या वायूच्या प्रसरणामुळे दूरच्या कोपऱ्यातील अद्याप न जळलेले मिश्रण अधिकाधिक दाबले जाते व तापते. ते पुरेसे तापले आणि त्यास पुरेसा अवधी मिळाला, तर ज्योत पोहोचण्यापूर्वीच ते आपोआप, एकाएकी पेट घेते. त्यामुळे उत्पन्न झालेल्या दाबलहरी सिलिंडरच्या भिंतींवर आदळून धातूवर हातोडी मारल्यासारखा आवाज होतो. गॅरेजमध्ये यास ‘नॉकिंग’ म्हणतात. येथे त्यास ‘ठोका’ ही संज्ञा वापरली आहे. ठोका तीव्र व दीर्घकाळ राहिल्यास दट्ट्या अतिशय तापून त्यास इजा पोहोचते.

या ठोक्यास विरोध करण्याची इंधनाची क्षमता म्हणजेच ऑक्टेन अंक होय. १९२० नंतरच्या दशकात ग्रॅहॅम एडगर यांनी त्याची मोजपट्टी सुचविली. सहज ठोका देणारे सामान्य हेप्टेन शून्य अंकाचे, तर ठोक्यास चांगला विरोध करणारे आयसोऑक्टेन १०० अंकाचे मानण्यात आले. ज्या इंधनाचे वर्तन ९५ भाग आयसोऑक्टेन व ५ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणासारखे असेल, त्याचा अंक ९५. संपीडन गुणोत्तर बदलता येणाऱ्या एका प्रमाणित इंजिनात हे मापन होते. ‘रिसर्च’ पद्धतीत ते इंजिन मिनिटास ६०० फेरे या वेगाने, तर अधिक कठोर अशा ‘मोटर’ पद्धतीत ९०० फेऱ्यांनी व मिश्रण तापवून चालविले जाते. भारतीय पंपांवरील अंक रिसर्च पद्धतीचा असतो. अमेरिकेत दोन्ही पद्धतींच्या अंकांची सरासरी दर्शविली जाते. म्हणून दोन देशांतील अंकांची थेट तुलना करणे योग्य नव्हे.

या व्याख्येत इंधनातील ऊर्जेचा कोठेही उल्लेख नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे. आयसोऑक्टेनच्या एका किलोग्रॅमच्या ज्वलनातून सुमारे ४४.३ मेगाजूल उष्णता मिळते; हेप्टेनपासून सुमारे ४४.६ मेगाजूल. अर्थात मोजपट्टीच्या दोन टोकांस असलेल्या या द्रव्यांत ऊर्जेचा भेद जवळजवळ नाहीच. जो अल्पसा आहे तोही शून्य अंकाच्या द्रव्याच्या बाजूचा आहे. इथेनॉलचे उदाहरण याहून बोलके आहे. त्याचा रिसर्च अंक १०० हून अधिक असूनही त्याच्या एका लिटरमधील ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश इतकीच असते.

मग उच्च ऑक्टेन इंधनाचे मोल कशात आहे? ते इंजिन रचणाऱ्यास मिळणाऱ्या मोकळिकीत आहे. ऑटो चक्राच्या आदर्श सूत्रानुसार संपीडन गुणोत्तर ८ असता कार्यक्षमता सुमारे ५६.५ टक्के, १० असता ६०.२ टक्के आणि १२ असता ६३ टक्के येते. प्रत्यक्ष इंजिनाची कार्यक्षमता याहून बरीच कमी असते. परंतु वाढीची दिशा तीच राहते. संपीडन वाढविले की ठोका उद्भवतो, आणि तो टाळण्यासाठी अधिक ऑक्टेन अंकाचे इंधन लागते. तात्पर्य, अशा इंधनामुळे अधिक संपीडनाची मुभा मिळते. त्या मुभेचा उपयोग इंजिनाने करून घेतला तरच लाभ पदरात पडतो.

इतिहासात याचा एक स्पष्ट दाखला आहे. १९४० मध्ये ब्रिटिश लढाऊ विमानांच्या मर्लिन इंजिनांसाठी ८७ ऐवजी १०० ऑक्टेनचे इंधन वापरात आले, तेव्हा त्यांची शक्ती लक्षणीय वाढली. परंतु ती केवळ टाकीतील इंधन बदलल्याने वाढली नाही. सिलिंडरांत कोंबल्या जाणाऱ्या मिश्रणाच्या अतिरिक्त दाबाची मर्यादा दर चौरस इंचास ६¼ पौंडांवरून १२ पौंडांपर्यंत नेण्यात आली, आणि त्यासाठी इंजिनांत आवश्यक ते फेरफार करण्यात आले. जुनीच मर्यादा ठेवून तेच इंधन जाळले असते, तर ते व्यर्थ गेले असते.

या दृष्टीने आजच्या वाहनांचे तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग साध्या पेट्रोलसाठीच रचलेल्या इंजिनांचा. नित्य वापरातील बहुतेक लहान दुचाकी त्यात मोडतात. त्यांचे संपीडन गुणोत्तर १० च्या आसपास असते आणि ठिणगीची वेळ पूर्वनिश्चित असते. जेथे मुळात ठोका नाही, तेथे ठोकाविरोध वाढवून काहीच साधत नाही. दुसऱ्या वर्गातील इंजिनांत ठोका टिपणारा संवेदक असतो. ठोक्याची चाहूल लागताच संगणक ठिणगी उशिरा पाडतो. अधिक ऑक्टेन मिळाल्यास ती पुन्हा योग्य वेळी पाडता येते. टर्बोचार्जर असलेल्या इंजिनांत, उन्हाळ्यात व घाट चढताना हा लाभ अल्प प्रमाणात अनुभवास येतो. तिसऱ्या वर्गात उत्पादकाने उच्च ऑक्टेन आवश्यक म्हणून सांगितलेले असते. तेथे कमी अंकाचे इंधन वापरण्यात काटकसर नसून इंजिनाची हानी ओढवून घेणे होय.

प्रत्यक्ष चाचण्यांचे निष्कर्षही याच स्वरूपाचे आहेत. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१६ मध्ये पहिल्या वर्गातील मोटारींची परीक्षा घेतली, तेव्हा प्रीमियम इंधनापासून शक्ती, इंधनबचत वा प्रदूषण यांत लक्षणीय लाभ आढळला नाही. २०१७ मध्ये, प्रीमियम इंधनाची केवळ शिफारस असलेल्या मोटारींत इंधनबचत सरासरीने २.७ टक्के व शक्ती १.४ टक्के वाढलेली दिसली. दरातील फरक मात्र २० ते २५ टक्क्यांचा होता.

येथे हिशेबाचा नियम सरळ आहे : दर जितके टक्के अधिक, तितके टक्के अंतर दर लिटरमागे अधिक कापले गेले, तरच खर्च भरून निघतो. डिसेंबर २०२० मध्ये भारतात १०० ऑक्टेनचे पेट्रोल प्रथम विक्रीस आले, तेव्हा दिल्लीत त्याचा दर लिटरला १६० रुपये, तर साध्या पेट्रोलचा सुमारे ८२ रुपये होता. लिटरला ५० किलोमीटर धावणाऱ्या दुचाकीस हा फरक भरून काढण्यासाठी ९७ किलोमीटरांहून अधिक धावावे लागले असते. संपीडन १० वरून १२ पर्यंत नेले तरी आदर्श चक्रातील सापेक्ष वाढ पाच टक्क्यांच्या आतच राहते, हे ध्यानी घेता अशी अपेक्षा बाळगण्यास कोणताही आधार उरत नाही.

भारतात या प्रश्नास अलीकडे निराळे वळण लागले आहे. पेट्रोलियम मंत्रालयाच्या २०२५ मधील निवेदनानुसार, २० टक्के इथेनॉल मिसळल्याने साध्या पेट्रोलचाच रिसर्च अंक ९१ वरून ९५ पर्यंत गेला आहे. त्याच वेळी वरील प्रमाणानुसार एका लिटरमधील ऊर्जा ६ ते ७ टक्क्यांनी घटते. ऑक्टेन वाढला आणि ऊर्जा घटली. दोन्ही राशी परस्परांहून भिन्न असल्याचा पुरावा आता प्रत्येक वाहनाच्या टाकीतच आहे. शिवाय ९५ अंकाच्या इंधनासाठी अधिक दर देण्याचे प्रयोजनही त्यामुळे क्षीण झाले आहे.

काही प्रीमियम इंधनांत झडपांवर साचणारी काजळी दूर ठेवणारी प्रक्षालक द्रव्ये अधिक प्रमाणात असतात. त्यांची उपयुक्तता मान्य करावयास हवी. परंतु तो गुण ऑक्टेन अंकाचा नव्हे, आणि कमी अंकाच्या पेट्रोलमध्येही तो आणता येतो. तद्वत तेलशुद्धीकरण कारखान्यात ऑक्टेन वाढविण्याच्या प्रक्रियांना ऊर्जा व खर्च लागतो. ज्या इंजिनास त्याचा उपयोग नाही, त्यात असे इंधन जाळल्याने ग्राहकाच्या पैशाबरोबर ती ऊर्जाही वाया जाते.

सारांश, उच्च ऑक्टेन पेट्रोल हे अधिक चांगले पेट्रोल नव्हे, तर विशिष्ट इंजिनांसाठीचे पेट्रोल आहे. ते अधिक मूल्यास योग्य आहे किंवा नाही, याचे उत्तर पंपावरील फलकावर मिळत नाही. ते वाहनाच्या माहितीपुस्तिकेत मिळते. तेथे जो अंक आवश्यक म्हणून दिलेला असेल, त्याहून कमी अंक वापरणे धोक्याचे होय. आणि त्याहून अधिक अंकासाठी दिलेला पैसा बहुतांशी मोबदल्यावाचून जातो.