उमेदवारीचे मोल

२० मार्च २०१८ च्या सकाळी दादर आणि माटुंगा यांच्या दरम्यान शेकडो तरुण लोहमार्गावर उतरले आणि ऐन कचेरीच्या वेळी मध्य रेल्वेची उपनगरी वाहतूक काही तास ठप्प झाली. खोळंबलेल्या चाकरमान्यांनी त्या दिवशी केलेला त्रागा स्वाभाविकच होता. पण रुळांवर बसलेले होते कोण, हे पाहणे अधिक उद्बोधक ठरेल. रेल्वेत शिकाऊ उमेदवार म्हणून प्रशिक्षण पुरे केलेले ते तरुण होते. भरतीतील २० टक्के जागा त्यांच्यासाठी राखीव होत्या. ही मर्यादा काढून आम्हां सर्वांना सेवेत घ्या, अशी त्यांची मागणी होती.

कायद्याने त्यांना असे आश्वासन दिलेले नव्हते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाचे २२ वे कलम २०१४ च्या दुरुस्तीपर्यंत सांगत असे की, प्रशिक्षण संपल्यावर उमेदवाराला नोकरी देणे मालकावर बंधनकारक नाही, आणि दिलेली स्वीकारणे उमेदवारावरही नाही. इतर गोष्टी समान असतील तर बाहेरच्या अर्जदारापेक्षा प्रशिक्षिताला अग्रक्रम मिळावा, एवढेच १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका परिवहन महामंडळाच्या प्रकरणात म्हटले. तरीही त्या मुलांची अपेक्षा आकाशातून पडलेली नव्हती. ती आपल्या शब्दातच आहे. उमेद म्हणजे आशा. इंग्रजी अमदानीत कचेरीत बिनपगारी कारकुनी करीत जागा रिकामी होण्याची वाट पाहणारा, तो उमेदवार. शिकाऊ उमेदवारी म्हणजे साहेबाच्या दाराबाहेरचे बाकडे, ही समजूत आपण तेव्हापासून जपली आहे. या समजुतीमुळेच उमेदवारीचा खरा लाभ आपल्या नजरेआड होतो, असे मला वाटते.

तो लाभ समजण्यासाठी थोड्या अर्थशास्त्राची गरज आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ च्या आपल्या ग्रंथात कौशल्याचे दोन प्रकार केले. एक, ज्याचा उपयोग त्याच कारखान्यात होतो. दुसरे, जे कोठेही चालते. वेल्डिंग किंवा हिशेबलेखन हे दुसऱ्या प्रकारचे. भोसरीतील मालकाने पोराला उत्तम वेल्डर बनवावे आणि त्याने दोन रुपये अधिक मिळतात म्हणून रस्त्यापलीकडच्या कारखान्यात जावे, यात बेकायदा काहीच नाही. म्हणूनच असे शिक्षण देण्यावर मालक स्वतःहून खर्च करीत नाही. शिकणाऱ्याने कमी मोबदला घेऊन तो खर्च सोसावा, अशी बाजाराची रीत पडते. विद्यावेतन तुटपुंजे का, याचे एक उत्तर येथे आहे. आणि त्याचीच दुसरी बाजू अशी की, ते कौशल्य उमेदवाराच्या मालकीचे होते. ज्या मालकाने शिकविले त्याने ठेवून घेतले नाही तरी ते काढून घेता येत नाही.

पहिल्या नोकरीच्या शोधात असलेल्याला याचे मोल मोठे. अनुभवाशिवाय नोकरी नाही आणि नोकरीशिवाय अनुभव नाही, हा फेरा पदवीच्या कागदाने तुटत नाही. वाणिज्य शाखेतून प्रथम वर्गात आलेल्या मुलाला वस्तू व सेवा कराचे विवरणपत्र प्रत्यक्ष भरता येत नाही, हे आम्हा अध्यापकांना पुरते ठाऊक आहे. आमच्यापैकी किती जणांना येते हे विचारू नये! २०१४ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीबाहेरच्या पदवीधरांनाही उमेदवारीचे दार उघडले, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० मध्ये पदवी अभ्यासक्रमातच ती गुंफण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. तरी कारकून-शिक्षकांच्या घरांतून मुलाला पुण्यात सदाशिव पेठेतील स्पर्धा परीक्षेच्या वर्गाला तीन-तीन वर्षे पोसले जाते. एका वर्षाच्या उमेदवारीचे नाव काढले की कपाळाला आठ्या पडतात. परीक्षेच्या त्या वर्षांचीही किंमत असते. ती घरखर्चाच्या वहीत दिसत नाही, एवढेच.

मात्र उमेदवारीचे गोडवे गाणाऱ्यांनी विद्यावेतनाचा आकडाही सांगावा. २०१९ च्या नियमांनी किमान दर शिक्षणानुसार दरमहा ५,००० ते ९,००० रुपये ठरविले. ज्याचे घर कारखान्यापासून सायकलच्या अंतरावर आहे त्याला हे परवडते. परभणीहून चाकणला येणाऱ्याचे तेवढे पैसे खोलीभाडे आणि खाणावळ यांतच संपतात. म्हणजे ज्याला या शिडीची सर्वाधिक गरज, त्याचाच पाय पहिल्या पायरीला पोचत नाही. शासनाने विद्यावेतनात वाटा उचलण्याची योजना २०१६ मध्ये आणली. पण राहण्याजेवण्याचा प्रश्न तिने सुटत नाही. औद्योगिक वसाहतींत उमेदवारांसाठी वसतिगृहे बांधणे हे मला त्याहून निकडीचे वाटते.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. कायद्याच्या १८ व्या कलमानुसार उमेदवार हा शिकाऊ होय, कामगार नव्हे. काही अपवाद सोडता कामगार कायदे त्याला लागू नाहीत. शिकविण्याच्या अटीवर दिलेली ही सवलत न शिकविताही उपटता येते. जर्मनीत उमेदवार आठवड्यातले एक-दोन दिवस व्यवसायशाळेत असतो आणि अखेरची परीक्षा मालक नव्हे, तर उद्योग व्यापारी मंडळे घेतात. त्यामुळे मुलाला काय येते ते झाकून राहत नाही. आपल्याकडेही प्रशिक्षणाचा कार्यक्रम आणि परीक्षा कायद्यात आहेत. तपासनीसाची पावले मात्र क्वचितच वाजतात, आणि २०१४ मध्ये मालकाच्या कैदेची तरतूद काढून केवळ दंड ठेवल्यावर ती अधिक वाजतील असे मानायला आधार नाही.

तेव्हा ही तपासणी तूर्त उमेदवारानेच करावी हे बरे. कराराची नोंदणी होणार का? कोणकोणत्या विभागांत किती आठवडे काम शिकविले जाईल? परीक्षा कोण घेणार, आणि प्रमाणपत्र कोणाच्या सहीचे? शिकताना इजा झाल्यास भरपाई देण्याचे दायित्व कायद्याने मालकावर आहे, हेही त्याला माहीत असावे. पहिल्या प्रश्नालाच 'बघू पुढे' असे उत्तर आले तर सही करण्याची घाई करू नये. तो कागद घरी आणून आईवडिलांसह सावकाश वाचावा, आणि शंका राहिलीच तर जिल्ह्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जाऊन विचारावे.