हातांना आठवणारी ओळख

घरातील वृद्ध व्यक्तीची स्मृती क्षीण होऊ लागली, की कुटुंबीय तिला लहान मुलांची रंगभरणाची वही आणून देतात. हेतू चांगला असतो. परंतु आयुष्यभर कोशाचे वस्त्र विणलेल्या माणसाला त्या वहीतील ससे आणि फुगे परके वाटतात. तो वही बाजूला सारतो आणि आपण समजतो, यांना आता कशातच रस उरला नाही.

वाचकहो, कलेमागे कौशल्याइतकीच माणसाची ओळख उभी असते. वारली लग्नातील चौक परंपरेने सुवासिनी रेखाटत. जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी ती पांढरी रेघ कागदावर आणली आणि शेत, मासेमारीचे जाळे, तारपानृत्य असे आपलेच जग चितारले. २०११ साली त्यांना पद्मश्री लाभली. आपल्या भंडारा जिल्ह्यातील कोशाच्या साडीचा करवतीच्या दात्यांसारखा काठही विणकराचा मुलूख सांगतो.

आजारातही ही ओळख एकाएकी पुसली जात नाही. लंडनमध्ये राहणारे अमेरिकी चित्रकार विल्यम उटरमोहलेन यांना १९९५ साली अल्झायमरचे निदान झाले. त्यानंतरही ते काही वर्षे स्वतःचाच चेहरा रंगवीत राहिले. तपशील विरत गेले, तरी स्वतःचा शोध थांबला नाही.

याचे कारण मेंदूच्या रचनेत आहे. अल्झायमरचा पहिला घाव बहुधा नव्या घटनांच्या स्मृतीवर बसतो. सरावाने हातात मुरलेली कौशल्ये मेंदूच्या निराळ्या भागांवर अवलंबून असल्याने अनेकदा अधिक काळ टिकतात. म्हणून सकाळचे जेवण विसरलेली आजी रांगोळीचे ठिपके अचूक मांडू शकते.

नाकाडोंगरीसारख्या धानाच्या गावात साहित्य घरीच सापडते. खाली बसवत नसेल तर रांगोळी ताटात काढू द्यावी. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल रंगवायला द्यावा. गोधडीचे तुकडे निवडायला द्यावेत. सुईच्या वेळी जवळ बसावे. दंडार गाजवलेल्या आजोबांना त्यांचे गाणे म्हणू द्यावे. चूक दाखवू नये, घाई करू नये, थकवा दिसताच थांबावे.

कलेने हा आजार बरा होत नाही; औषधे चालूच ठेवावीत. सरावाचे काम एकाएकी जमेनासे झाले, हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर तो पक्षाघात असू शकतो. क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे.

एरवी मात्र आजच विचारा, "बाबा, तुम्ही हे कसं करत होता, दाखवता का?"