हरणांचे कळप आणि गावची शेती

रब्बीची ज्वारी गुडघ्याएवढी झाली की कोरडवाहू तालुक्यांतील कित्येक शाळांच्या हजेरीपत्रकांत एक ठराविक फरक दिसू लागतो. माळाकडेच्या वस्त्यांवरील मुले उशिरा येतात, आणि काही तर आठवड्यातून दोन-तीन दिवस येतच नाहीत. कारण विचारल्यास उत्तर एकाच शब्दाचे असते : राखण. पहाटे व दिवस कलताना काळविटांचा कळप रानात उतरतो. घरातील मोठी माणसे ऊसतोडीस किंवा मजुरीस गेलेली असली म्हणजे गोफण मुलाच्या हाती येते. शिक्षकास हा प्रश्न प्रथम गैरहजेरीच्या रूपाने भेटतो, परंतु त्याचे मूळ शाळेच्या आवारात नाही. ते समजून घेतल्यावाचून पालकांस नुसता उपदेश करणे निरर्थक होय. ज्याचे हरभऱ्याचे घाटे एका रात्रीत गेले, त्यास शिक्षणाचे महत्त्व सांगून काय उपयोग?

गावात या बाबतीत सर्वत्र एकच वाक्य ऐकू येते : ‘हरणे फार माजली.’ हे वाक्य खोटे आहे असे मुळीच नव्हे. परंतु ते अपुरे आहे. कोणती हरणे, कोणत्या जमिनीच्या मानाने फार, आणि त्यांचा भार कोणावर पडतो, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय त्यातून काहीच निष्पन्न होत नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर वर्गात सहज देता येण्याजोगे आहे. आपण ज्यांस सरसकट ‘हरीण’ म्हणतो त्यांत दोन निराळी कुळे आहेत. सांबर, चितळ व भेकर हे सारंग. त्यांच्या नरांची शिंगे भरीव हाडाची असून ती गळून पडतात व पुन्हा नवी येतात. काळवीट, चिंकारा, चौसिंगा आणि रोही म्हणजे नीलगाय हे कुरंग. त्यांची शिंगे आतील हाडावर बसलेल्या पोकळ टोपणासारखी असून ती जन्मभर टिकतात. नात्याने हे कुरंग सारंगांपेक्षा आपल्या गाईबैलांस व शेळ्यामेंढ्यांस अधिक जवळचे आहेत. हा भेद केवळ पुस्तकी नव्हे. चितळास झाडोरा व सावली लागते; काळविटास उघडा माळ लागतो, कारण दूरवर दिसणारी नजर व वेगवान पाय हीच त्याची ढाल. रोही झुडपी रानात दडून राहते व बहुधा रात्रीच्या अंधारात पिकात शिरते. तिचा पूर्ण वाढलेला नर दोनशे किलोंहून अधिक भरतो; काळवीट चाळीस किलोंच्या आसपास. तेव्हा विदर्भातील रोह्यांचा उपाय सोलापूरकडील काळविटांस लागू पडेलच असे नाही.

आता ‘फार’ या शब्दाकडे वळू. खरोखरीची बेसुमार वाढ कशी असते याचे उदाहरण आपल्याच देशात अंदमान बेटांत आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे चितळे मुख्य भूमीवरून नेऊन सोडण्यात आली. तेथे वाघ नव्हता, बिबट्या नव्हता, रानकुत्रा नव्हता. चितळ उत्तम पोहते. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जात ती पसरली, आणि त्यांनी रानातील रोपे इतकी खुडली की कित्येक ठिकाणी जुन्या झाडांखाली नव्या पिढीची झाडे उभी राहीनाशी झाली. खाद्य विपुल, भक्षक नाही आणि मूळचा रहिवासीही नाही, अशी ही स्थिती.

आपल्या माळावरील काळवीट मात्र परका नव्हे. तो येथील फार जुना रहिवासी आहे. त्याच्यामागे धावणारा चित्ता भारतात उरला नसल्याचे १९५२ साली जाहीर झाले. (कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्त्यांकडून काळविटांची शिकार करवीत असत, ही गोष्ट मुलांस सांगितल्यास ती कान टवकारून ऐकतात.) माळाचा दुसरा धनी लांडगा अद्याप आहे, परंतु मेंढपाळाचा वैरी ठरल्याने त्याची संख्या रोडावली आहे. भक्षक असे कमी झाले, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदुकीची शिकार बंद झाली, आणि काळविटांचे कळप काही भागांत पुन्हा दिसू लागले. येथवर ‘वाढले’ हे म्हणणे खरे आहे.

परंतु त्याच काळात माळाचे काय झाले? महसुली दप्तरात गवताळ माळ ‘पडीक’ म्हणून नोंदला जातो, आणि पडीक म्हटले की कोणाचाही हात त्यावर पडतो. काही नांगराखाली आला, काहीवर वस्त्या व कारखाने आले, काहीवर झाडे लावण्यात आली. झाडे लावणे हे पुण्यकर्म असे आपण मुलांस शिकवितो. ते बहुतेक ठिकाणी योग्यच आहे, पण गवताच्या माळावर दाट झाडी उभी करणे म्हणजे काळविटाचे घर मोडणे होय. उरलेल्या माळावर मार्गशीर्षाच्या सुमारास गवत वाळून जाते, आणि नेमक्या त्याच वेळी कालव्याच्या किंवा विहिरीच्या पाण्याने शेजारचे रान हिरवेगार असते. कळपाने कोठे जावे? कर्जत तालुक्यातील रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य १९८० साली स्थापन झाले. त्याचे क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर आहे. काळविटास अभयारण्याची सीमा वाचता येत नाही. तेव्हा कळपातील जनावरांची संख्या मोजून भागत नाही; त्यांच्या वाट्याला माळ किती उरला तेही मोजले पाहिजे.

हा प्रश्न केवळ खेड्यांचा आहे असेही समजू नये. चेन्नई शहराच्या पोटात गिंडीचे राष्ट्रीय उद्यान आहे व त्यास लागून मद्रासची तंत्रविद्या संस्था आहे. त्या एकाच आवारात काळवीट व चितळ दोन्ही नांदत आले. पुढे मोकळ्या जागेत झाडोरा दाटत गेला, तसतशी चितळे वाढली व काळवीट घटले. तेथील चितळे उकिरड्यावरील प्लास्टिकच्या पिशव्या खाऊन मेल्याचेही आढळले आहे. एकाच आवारात एक हरीण ‘फार’ आणि दुसरे ‘थोडे’ झाले, हे ध्यानात ठेवावे.

मारून संख्या कमी करावी, हा उपाय ग्रामसभेत हटकून सुचविला जातो. तो करून पाहण्यात आलेला आहे. केंद्र शासनाने डिसेंबर २०१५ मध्ये बिहारच्या काही जिल्ह्यांपुरते रोह्यांस उपद्रवी प्राणी ठरविले, आणि २०१६ च्या जून महिन्यात मोकामा टापूत बाहेरून बोलावलेल्या नेमबाजांनी दोनशेहून अधिक रोही मारल्या. त्यावर देशभर मोठा वाद माजला. माझे मत विचाराल तर, ज्याचे पीक गेले आहे त्याच्या रागास नावे ठेवण्याचा अधिकार शहरात बसून दूध-भाजी विकत घेणाऱ्यास नाही. परंतु रान तेच, पाणी तेच आणि कुरण नाहीच, अशी परिस्थिती राहिल्यास रिकामी झालेली जागा उरलेली जनावरे पुन्हा भरून काढतात. शिवाय काळविटाच्या बाबतीत हा मार्ग सामान्य शेतकऱ्यास मुळीच खुला नाही. तो कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्या शिकारीस किमान तीन व कमाल सात वर्षे कारावास आणि २०२२ च्या दुरुस्तीनुसार किमान पंचवीस हजार रुपये दंड, अशी शिक्षा आहे.

याहून भयंकर प्रकार म्हणजे कुंपणाच्या तारेत खांबावरची वीज सोडणे. हा विषय विज्ञानाच्या तासाला अवश्य घ्यावा. सौरकुंपणाचे यंत्र साधारणतः सेकंदास एक, असा क्षणमात्र ठोका देते. दोन ठोक्यांमधील अवकाशात जनावर वा माणूस मागे हटतो व सुटतो. खांबावरची वीज मात्र अखंड वाहते. ती स्नायूंस आखडून टाकते, धरलेला हात सुटत नाही, आणि मृत्यू ओढवतो. अशा तारेस रात्री पाणी धरायला निघालेला शेजारी, कधी खुद्द शेताचा मालकच, बळी पडतो. मूल ही गोष्ट घरी जाऊन सांगते, आणि पोस्टरापेक्षा ते अधिक ऐकले जाते, असा माझा तपासणीच्या निमित्ताने आलेला अनुभव आहे.

जुने उपाय अगदीच टाकाऊ नाहीत. ज्वारीभोवती करडईचे पट्टे पेरण्याची सोलापूरकडील रीत घ्या. करडई काटेरी झाली की जनावर सहसा तोंड घालीत नाही, आणि तेलबियांचे उत्पन्न मिळते ते वेगळेच. सागरगोट्याचे कुंपणही चांगले, पण ते दाट व्हायला काही वर्षे लागतात. बुजगावणे आठ-पंधरा दिवस चालते. मग काळवीट त्याच्या सावलीत उभे राहते. उघड्या विहिरींस कठडा असावा, हे तर हरणांइतकेच आपल्या मुलांसाठीही आवश्यक आहे.

आता तिसरा प्रश्न : भार कोणावर? गावाची सरासरी काढली तर नुकसान किरकोळ दिसेल. परंतु कळप सर्व शिवारात सारखा चरत नाही. माळास लागून असलेली शेते पुनःपुन्हा तुडविली जातात आणि गावाजवळची मळई सुखरूप राहते. म्हणजे काळविटाचे रक्षण सर्व देशाने ठरविले, पण त्याचा चारा पाच-दहा घरे पुरवीत आहेत, आणि त्याच घरांतील मुले शाळा बुडवीत आहेत. ही गोष्ट तोंडी सांगून कोणास पटत नाही. आकडे दाखवावे लागतात. आणि आकडे काढणे हे प्राथमिक शाळेच्या पाचवी ते सातवीच्या मुलांस सहज साधणारे काम आहे.

चार मीटर सुतळी घेऊन तिची टोके बांधावी. चार काठ्यांना ती चौकोनात ताणली की एक चौरस मीटरची चौकट तयार होते. शेतमालकाची परवानगी घेऊन माळाच्या बांधापासून दहा, पन्नास व शंभर पावलांवर ती ठेवावी. आतील एकूण रोपे किती, पैकी खुडलेली किती, हे वहीत लिहावे. प्रत्येक अंतरावर निदान पाच जागा तरी पाहाव्यात. एकाच जागेच्या आकड्यावर भिस्त ठेवू नये. जवळच लेंड्या व खुरांचे ठसे असल्यास त्यांची आकृती काढावी : रोही पुष्कळदा ठराविक जागीच लेंड्या टाकते, त्यामुळे तेथे ढीग साचतात. शेळ्यामेंढ्यांनी खाल्लेले पीक हरणांच्या नावावर मांडले जाऊ नये, याची दक्षता शिक्षकाने स्वतः घ्यावी. गणिताच्या तासाला शेकडेवारी काढावी व बांधापासूनच्या अंतरानुसार आलेख मांडावा. हे काम दुपारी करावे. पहाटे व सायंकाळी मुलांस कळपामागे नेऊ नये, आणि माजावर आलेल्या नरांच्या जवळ तर कधीही नाही.

रानडुक्कर, रोही व हरीण यांनी केलेल्या पीकनुकसानीबद्दल भरपाई देण्याची शासनाची योजना आहे. मात्र नुकसान होताच विलंब न लावता वनखात्याकडे अर्ज करावा लागतो व पंचनामा व्हावा लागतो. पुष्कळ शेतकरी अर्जाच्या कटकटीस कंटाळून गप्प बसतात, किंवा आठवडा उलटल्यावर जातात तेव्हा नव्या फुटव्याखाली जुनी खूण बुजलेली असते. मुलांच्या वहीला पंचनाम्याचे स्थान मिळणार नाही. परंतु तारीख, गट क्रमांक व मोजणी तिच्यात असल्यास अर्ज लिहिणाऱ्यास फार सोयीचे पडते, आणि ग्रामसभेत राखणीची पाळी सर्व गावाने वाटून घ्यावी हा मुद्दा मांडताना हाती काहीतरी असते.

आणखी एक सूचना. गवतात एकटे पडलेले पाडस मुले दयेने उचलून आणतात, क्वचित शाळेतही आणतात. आईने ते टाकलेले नसते. कुत्र्या-लांडग्यांच्या नजरेपासून लपवून ती चरावयास जाते व दूध पाजण्यास परत येते. पाडसास हात न लावता दूर व्हावे, जवळपास कुत्री असल्यास त्यांना हाकलावे. ते जखमी असेल किंवा विहिरीत पडले असेल तर मात्र वनरक्षकास कळवावे. त्यासाठी १९२६ हा वनखात्याचा दूरध्वनी क्रमांक मुख्याध्यापकांच्या खोलीतील फळ्यावर लिहून ठेवावा.